रामटेक : काव्यातील आणि शिलेवरील

१

कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की आमच्या सक्करदऱ्यातल्या घरात रामटेकची बोलणी सुरू होत. सक्करदरा हा नागपूरच्या जुन्या भोसलेशाही खुणांचा भाग. येथे तलाव आहे, राजवाड्याच्या आठवणी आहेत. रामटेकच्या देवस्थानाला अठराव्या शतकात पुन्हा वैभव आले तेही याच नागपूरकर भोसल्यांच्या आश्रयामुळे. त्यामुळे रामटेक आम्हाला परगाव कधी वाटले नाही. गणेशपेठच्या स्थानकावरून एस.टी. पकडायची, कामठी, कन्हान, मनसर मागे टाकायचे आणि पन्नासेक किलोमीटरवर टेकडीवरची पांढरी देवळे दिसू लागली की आईने पदर डोक्यावर घेऊन बसमध्येच हात जोडायचे, असा दरवर्षीचा क्रम होता.

टेकडीवरचा क्रमही ठरलेला असे. खाली अंबाळ्याच्या तलावावर हातपाय धुवायचे, पायऱ्या चढायच्या, वाटेत वानरांपासून फुटाण्याची पुडी सांभाळायची. दगडी वराहापाशी थांबायचे. त्याच्या पोटाखालून जो सहज निघतो तो पुण्यवान, जो अडकतो तो पापी, अशी समजूत असल्यामुळे आम्हा मुलांची तेथे चढाओढ लागे. मग एकामागून एक दरवाजे, आधी लक्ष्मणाचे देऊळ आणि मागे रामाचे. दर्शन झाले की तटावरून खालचा मुलूख पाहायचा आणि संध्याकाळी त्रिपुर पेटलेला बघून परतायचे.

या वाटेवर मुख्य देवळांच्या अलीकडे नरसिंहाची दोन बसकी देवळे आहेत. एकाला केवल नरसिंह म्हणतात, दुसऱ्याला रुद्र नरसिंह. आई त्यांच्या उंबऱ्यालाही हात लावी, पण आम्ही कधी आत फारसे रेंगाळलो नाही. गर्दी वर असे, प्रसाद वर असे, त्रिपुर वर असे. पुढे मोठा झाल्यावर मी रामटेकला जाऊ लागलो तो कालिदासासाठी. तेव्हाही या दोन देवळांवरून मी तसाच पुढे गेलो. फरक इतकाच, की लहानपणी रामाकडे जाण्याच्या घाईत गेलो आणि मोठेपणी यक्षाकडे जाण्याच्या.

हा लेख त्या घाईबद्दल आहे. रामटेकविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. आषाढाच्या पहिल्या दिवशी तर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. त्या लेखनात टेकडी असते, मेघ असतो, विरह असतो. पण या टेकडीवर पाचव्या शतकात दगडावर जे लिहिले गेले ते जवळजवळ नसते. ते लेखनही विरहाचेच आहे, आणि ते कोणा कल्पित यक्षाचे नसून एका हाडामांसाच्या लेकीचे आहे.

२

आधी काव्यातील रामटेकाची हकीगत पाहू. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो. तेथील पाणी जनककन्येच्या स्नानाने पवित्र झालेले आहे, झाडांची सावली दाट आहे, पर्वतावर रघुपतीच्या पावलांच्या खुणा आहेत. इतक्या वर्णनावरून पर्वत ओळखायचा, हे काम सोपे नव्हते. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले. पुढे काही अभ्यासकांनी छत्तीसगडातील सरगुजा भागातला रामगढ पुढे केला. होरेस हेमन विल्सन याने 1813 साली कलकत्त्याहून मेघदूताचे इंग्रजी भाषांतर छापले आणि टिपांत नागपूरजवळच्या रामटेकाचे नाव घेतले. म्हणजे रामटेकाचा दावा निदान दोनशे वर्षांचा आहे.

त्या दाव्याला खरे बळ दिले ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. नागपूरला राहून, शिकवून त्यांनी वाकाटकांवर जे काम केले त्याला तोड नाही. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा मराठी ग्रंथ, 1963 साली निघालेला वाकाटक शिलालेख-ताम्रपटांचा इंग्रजी खंड आणि ‘मेघदूतातील रामगिरि अर्थात् रामटेक’ हे पुस्तक यांनी विदर्भाच्या प्राचीन इतिहासाला पाया दिला. माझ्यासारख्या माणसाने, ज्याने हिशेबनिसाची नोकरी सांभाळून रविवारी ग्रंथालयात बसून ब्राह्मीची अक्षरे गिरवली, त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली ठेवला पाहिजे. तरीही एक शंका मांडायची आहे, आणि ती मिराशींच्याच ग्रंथांनी मला शिकवलेल्या रीतीने मांडतो.

वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडला. तो तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे आणि ‘रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून’ दिलेला आहे. मिराशींनी या पादमूलाची सांगड मेघदूतातल्या रघुपतीच्या पदचिन्हांशी घातली. रामगिरी तोच, पावलेही तीच, म्हणून कालिदासाच्या डोळ्यांपुढे हीच टेकडी होती, असा तो युक्तिवाद. वाचताना मन मोहून जाते. पण जुन्या लेखांत ‘पादमूल’ हा देवाच्या किंवा राजाच्या सान्निध्यासाठी वापरला जाणारा रूढ शब्द आहे. आपण ‘पायाशी’ म्हणतो तसाच. तेवढ्यावरून दगडात कोरलेल्या पादुका होत्याच असे ठरत नाही. शिवाय तो रामगिरिस्वामी म्हणजे दाशरथी रामच, की त्या गिरीवर पूजला जाणारा विष्णू, हाही वाद अभ्यासकांत आहे. म्हणजे घडते असे, की काव्याचा आधार घेऊन आपण ताम्रपटाचा अर्थ लावतो आणि मग त्या अर्थाचा आधार घेऊन काव्याचे स्थळ सिद्ध करतो. दोन्ही खांब एकमेकांना टेकून उभे आहेत, तिसरा टेकू नाही.

रामटेक हाच रामगिरी असण्याची शक्यता यामुळे नाहीशी होत नाही. मलाही तीच सर्वांत बळकट वाटते. ताम्रपटातला रामगिरी तर हाच, यात फारशी शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या एका प्रश्नाने आपली सगळी जिज्ञासा खाऊन टाकली. एका समारंभात मी एका वक्त्यांना विचारले, की प्रभावतीच्या लेखाविषयी आपण काही सांगाल का? ते हसून म्हणाले, ‘आज कालिदासाचा दिवस आहे हो.’ श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला पुष्कळ दिवस ऐकू येत राहिल्या.

आता मेघदूताकडेच नीट पाहा. त्या काव्यात रामगिरीला किती जागा आहे? आरंभीचे काही श्लोक, मेघाने पर्वताचा निरोप घ्यावा ही विनवणी, आणि मग मेघ उत्तरेला निघतो. आम्रकूट, नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, कैलास, अलका. कवीचे मन रमते ते उज्जयिनीत आणि अलकेत. यक्षासाठी रामगिरी ही शिक्षेची जागा आहे, तेथून तो सतत दुसरीकडे पाहतो. म्हणजे ज्या काव्यासाठी आपण ही टेकडी चढतो, त्या काव्याची नजरच टेकडीवर ठरत नाही. ती आपल्याला डोंगरावर नेते आणि लगेच ढगाकडे बघायला लावते. पायाखालचा दगड पाहायला ती सांगत नाही.

३

दगड पाहायचा तर आधी प्रभावतीला ओळखले पाहिजे. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नाग कुळातील राणी कुबेरनागा यांची मुलगी. विदर्भातल्या वाकाटकांच्या घरी, दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा लवकर गेला, मुले लहान होती. थोरला युवराज दिवाकरसेन याच्या नावाने तिने कारभार चालवला. पुण्याला मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहून निघाला आहे आणि त्यावर तेरावे वर्ष आहे. तेरा वर्षे राज्य राखणे हा नावापुरता कारभार नव्हे. पुढे दामोदरसेन आणि प्रवरसेन हे तिचे मुलगे राजे झाले. प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आहे. आपल्या मराठीच्या पणजीत लिहिलेले रामकथेचे काव्य, आणि कर्ता रामगिरीच्या पायथ्याचा राजा. याही गोष्टीची आठवण आषाढात कोणी काढत नाही.

तिच्या ताम्रपटांत माझे लक्ष वेधून घेणारी एक बाब आहे. त्यांत वंशावळ सुरू होते ती सासरची नाही, माहेरची. गुप्तांची नावे आधी येतात. गोत्रही ती धारण सांगते, ते माहेरचे. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. एखादी बाई लग्नानंतर इतकी वर्षे गेल्यावर, राजमाता झाल्यावरही, राजपत्रावर माहेरचे गोत्र लिहिते, याचे इतिहासकारांनी राजकीय अर्थ लावले आहेत. गुप्तांचा दबदबा, विदर्भावरची छाया वगैरे. ते असतीलच. पण लेखाचे शब्द वाचताना मला त्यात एक ताठ मानही दिसते.

नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, रामटेकपासून काही मैलांवर. तेथे राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी 2015 पासून काही हंगाम उत्खनन केले. त्यात मातीची एक लहानशी मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाची आकृती आहे. तांब्याच्या पत्र्यावर भाटांच्या भाषेत उभी राहणारी राणी या मुद्रेमुळे एकदम जवळची झाली. कोणत्या तरी पत्रावर, कोणत्या तरी दोरीच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबला गेला आणि त्यावर तिचे नाव उमटले. ते काम चालले ते नगरधनला, आणि तिची दैवते होती समोरच्या टेकडीवर. यक्षाला जो डोंगर वनवास वाटला, तो हिच्या घरच्या अंगणातला होता.

टेकडीवर वाकाटक काळातले जे अवशेष आहेत ते जवळजवळ सगळे विष्णूचे आहेत. वराह, भग्न त्रिविक्रम, दोन नरसिंह, भोगराम. भोगराम पुढे महानुभावांचे पूज्यस्थान झाले. श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामयात्रेचे निमित्त सांगून, आणि ती यात्रा याच टेकडीची. वाटेत रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. ज्या रिद्धपुरात प्रभावतीचा ताम्रपट निघाला, तेच हे महानुभावांचे रिद्धपूर. विदर्भातल्या वाटा अशा पुन्हा पुन्हा त्याच गावांवरून जातात.

४

केवल नरसिंहाचे देऊळ मी नीट पाहिले ते वयाच्या पंचेचाळिशीत. तोवर किमान तीस वेळा त्याच्यावरून गेलो असेन. चौरस गर्भगृह, पुढे खांबांचा मंडप, वर शिखर नाही. यादवकालीन देवळांची सवय झालेल्या डोळ्याला ते अपुरे वाटते. पण खांबांवरची कमळे पाहा. नक्षीची दाटी नाही. दगडाला मोकळे सोडून मध्येच एक कमळ उमलवले आहे. आत नरसिंह बसला आहे तो गाभारा भरून. एक गुडघा वर घेतलेला, हात चक्रावर टेकलेला, बैठक राजाची. येथे खांब फुटत नाही, मांडीवर हिरण्यकशिपू नाही, शेजारी प्रल्हाद नाही. संहाराचा क्षण येथे दाखवलेला नाही. सगळे निवल्यावर नुसता बसलेला हा देव आहे, म्हणून तो ‘केवल’. नरसिंह म्हटला की आपल्या मनात फाडलेले पोट येते. ती कल्पना घेऊन आत जाणारा माणूस या मूर्तीपुढे थबकतो.

या देवळाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भिंतीवरचा जुना चुना-गिलावा निघाला तेव्हा तो उजेडात आला. लिपी वाकाटकांची, अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेट्या असलेली. भाषा संस्कृत, रचना पद्य. बराच भाग झिजलेला, ओळींचे तुकडे गळालेले. डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि 1993 साली हान्स बाकर व हरुनागा आयझॅक्सन यांनी त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले.

लेखात काय आहे? चंद्रगुप्ताचा उल्लेख आहे, प्रभावतीचा आहे, घटोत्कच हे नाव आहे. बाकर आणि आयझॅक्सन यांनी तुकडे जोडून जी कथा लावली ती अशी. प्रभावतीची एक मुलगी होती. ती मामाला, म्हणजे चंद्रगुप्ताचा मुलगा घटोत्कच याला दिली होती. पुढे काळ बदलला आणि तिच्या भावाने तिला माहेरी परत आणले. आईच्या मृत्यूनंतर या लेकीने आईच्या पुण्यासाठी येथे देऊळ उभारले आणि देवाला आईचे नाव दिले : प्रभावतीस्वामी. मामाच्या घरी भाची देणे आपल्याकडे नवे नाही. दोन घरांचे बिनसले की मुलीला कोणी तरी परत घेऊन येतो, हेही नवे नाही. गळालेल्या अक्षरांतून लावलेल्या कथेतील प्रत्येक सांधा पक्का आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि त्या दोघांनीही आपले वाचन तसे मांडलेले नाही. लेकीचे स्वतःचे नाव निर्विवादपणे सांगता येईल असे उरलेले नाही. परंतु प्रभावतीचे नाव घेतलेला देव, आणि तो लेकीने आईसाठी स्थापिलेला, एवढा गाभा लेखातून उभा राहतो.

राजे लोक आईवडिलांच्या पुण्यासाठी दान देत, त्याचे लेख शेकड्यांनी आहेत. देवाच्या नावात दात्याचे किंवा पूर्वजाचे नाव गुंफण्याची चालही जुनी. म्हणून या लेखात एकदम आजच्या काळाचे बंड वाचू नये. तरी हे वेगळे आहे. राजघराण्यातली एक बाई दुसऱ्या बाईसाठी देऊळ बांधते आणि टेकडीवरच्या देवाला आईच्या नावाने हाक मारते. नवऱ्याचे नाही, भावाचे नाही, आईचे. ज्या आईने राजपत्रावर माहेरचे गोत्र लिहिले, तिच्या मुलीला हे सुचावे यात मला संगती दिसते.

आता पुन्हा मिराशींकडे येतो. वाकाटकांचे सगळे लेख एका खंडात आणणाऱ्या त्या थोर अभ्यासकाच्या 1963च्या ग्रंथात हा लेख नाही, कारण तो चुन्याखाली होता. ज्यांनी रामगिरीची ओळख पटवण्यासाठी आयुष्याची वर्षे दिली, त्यांच्या हाताच्या अंतरावर रामगिरीची साक्ष होती आणि मधे सफेदीचे थर होते. यात दोष कोणाचाच नाही. चुना भक्तीनेच लावला जातो. दिवाळीपूर्वी आपण घर सारवतो-रंगवतो, तसे देवाचे घरही पांढरे करतो. मात्र तो चुना निघून चाळीस वर्षे झाली तरी आपल्या लेखनात तो तसाच आहे, हा दोष आपला.

५

चुन्याखाली न गेलेला, पण दुर्लक्षात गेलेला आणखी एक लेख टेकडीवर आहे. लक्ष्मणाच्या देवळातील हा लेख यादव रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासचा. मिराशी आणि ल. रा. कुलकर्णी यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात या पर्वताचे माहात्म्य आहे, तीर्थांची आणि देवस्थानांची यादी आहे. पुढच्या काळातली स्थळमाहात्म्ये वाचलेल्या वाचकाला तिची ठेवण ओळखीची वाटेल. आणि त्यात शंबूक आहे. रामाच्या खड्गाने मारला गेलेला शूद्र मुनी विष्णुपदाला पोचला, असे लेख सांगतो. धूम्रेश्वराच्या रूपाने त्याची आठवण टेकडीवर लोकपरंपरेनेही राखली. मरताना शंबूकाने रामाजवळ वर मागितले, त्यात रामाने येथेच राहावे हा एक आणि आपलीही येथे पूजा व्हावी हा दुसरा, अशी कथा रामटेकला सांगितली जाते.

ही कथा ऐकून आज नागपूरच्या माणसाला काय वाटेल ते मी सांगायला नको. वध करायचा आणि मग मोक्ष द्यायचा, या हिशेबावर जे म्हणायचे ते फुले-आंबेडकरांच्या परंपरेने म्हटले आहे, आणि ते मला मान्य आहे. संशोधक म्हणून माझे म्हणणे एवढेच, की या टेकडीने शंबूकाला विसरायला नकार दिला. रामाच्या देवळासमोर, लक्ष्मणाच्या दारी, त्याचे नाव दगडावर आहे. कथेनुसार राम येथे राहिला तोच शंबूकाने मागितले म्हणून. असे असता रामटेकावरचा लेख यक्षापासून सुरू होऊन यक्षापाशी संपतो, तेव्हा त्यातून कोण गळते ते पाहावे. आईसाठी रडणारी लेक गळते. तप करणारा शूद्र गळतो. उरतो तो एक वर्षाची रजा बुडालेला कुबेराचा सेवक.

हे वाक्य कडवट झाले याची मला जाणीव आहे. कालिदासावर राग नाही. कालिदास नसता तर मिराशी या टेकडीकडे इतक्या ओढीने वळले नसते आणि मीही वळलो नसतो. काव्य माणसाला डोंगरापर्यंत आणते हे त्याचे उपकार. डोंगरावर आल्यानंतर काय पाहायचे, ही जबाबदारी आपली.

६

आपल्या यादवांच्या थोडे आधी, बाराव्या शतकात, युरोपात टेकड्यांवर रोमनेस्क शैलीची चर्चे उभी राहत होती. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या कथा. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील व्हेझले येथले मारी मग्दलेनेचे चर्च त्यांत नामांकित आहे. तेही यात्रेचे ठिकाण, तेही गावाच्या माथ्यावर. 1146 साली संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक तेथे दिली. पुढे ते मोडकळीस आले. 1834 साली प्रोस्पेर मेरिमे हा कथाकार ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक म्हणून तेथे गेला आणि त्याने सरकारला जागे केले. 1840 साली व्हियोले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या वास्तुकाराकडे काम आले. त्याने काही नवे घातले, बदलले, आणि त्यावरून आजही वाद होतात. पण झिजलेली जी स्तंभशीर्षे त्याने उतरवून त्या जागी नवी बसवली, त्यांतली मूळ शीर्षे जपली गेली. ती चर्चच्याच संग्रहात पाहायला मिळतात.

मी व्हेझलेला गेलेलो नाही, माझे ज्ञान ग्रंथालयातले. तरी या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, तेथे वास्तूला वाचवणारा पहिला माणूस साहित्यिक होता. त्याने चर्चवर भावगीत रचले नाही, अहवाल लिहिला. छत कोठे गळते, भिंत कोठे फुगली, कोणता दगड आज उतरवला नाही तर उद्या पडेल, हे पाहणे त्याला साहित्यिकाच्या प्रतिष्ठेला कमी वाटले नाही. दुसरी, पूजा चालू असलेली वास्तू आणि वाचली जाणारी वास्तू या एकच असू शकतात. भाविकाला मेणबत्ती लावायला जागा आहे आणि अभ्यासकाला शीर्ष पाहायला.

रामटेकला हे का जमू नये? केवल नरसिंहाच्या दाराशी त्या शिलालेखाचा मराठी अर्थ साध्या शब्दांत लिहिलेला एक फलक असावा. कोणते शब्द दगडावर आहेत आणि कोणते अभ्यासकांनी जोडले आहेत, हे त्यात वेगळे दाखवावे. तेवढे झाले तरी वर जाणारी माणसे क्षणभर थांबतील. रामटेकलाच कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे, टेकडीवर त्यांचे स्मारक आहे. आषाढाच्या दिवशी त्या व्यासपीठावरून केवल नरसिंहाचे ते झिजलेले श्लोक वाचले गेले, तर कालिदासाला कमीपणा येणार नाही. त्याच्याच काळाच्या आसपासचे, त्याच्याच भाषेतले, त्याच डोंगरावरचे ते पद्य आहे.

गेल्या कार्तिकात मी पुन्हा गेलो. आई आता नाही. पौर्णिमेची गर्दी वर सरकत होती. मी केवल नरसिंहाच्या मंडपात थांबलो. माझ्याजवळ लेखाच्या वाचनाची हाताने उतरवलेली नक्कल होती. अक्षरे उन्हात आणि उजेडात निराळी दिसतात, संध्याकाळी तर बोटानेच वाचावी लागतात, आणि बोट लावू नये हे मला कळते. म्हणून नुसता पाहत उभा राहिलो. एक म्हातारी आपल्या लेकीचा हात धरून आत आली, उंबऱ्याला हात लावून तिने तो कपाळाला लावला आणि मला विचारले, ‘काय लिवलं आहे जी तिथं?’

मी सांगितले, ‘एका पोरीनं आपल्या मायसाठी हे देऊळ बांधलं, माय गेल्यावर. तेच लिहिलं आहे.’

ती थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिली. मग लेकीला म्हणाली, ‘ऐकलं का व?’ आणि दोघी वर निघून गेल्या.